बाळंतिणीचे दुःख आणि जाणिवेची मोजपट्टी

जाणीव मोजता येते काय? आणि येत असेल, तर ती प्रथम कोणाची मोजावी? बाळंतपणानंतर स्त्रीच्या मनाला ग्रासणाऱ्या औदासीन्याविषयी आज देशोदेशी सर्वेक्षणे होत आहेत. या आजाराची माहिती किती मातांना आहे, याचे उत्तर शेकडेवारीत काढले जात आहे. चिनी मातांसाठी, इराणी मातांसाठी तशा खास प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. या साऱ्या उद्योगात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, आई अजाण आहे म्हणून ती दुःखात आहे. हे गृहीतक कितपत खरे, याची तपासणी कष्टकरी स्त्रियांत काम करणाऱ्या प्रत्येकाने केली पाहिजे.

ही गरज मला पुस्तकातून कळली नाही. बंगळूरच्या ज्या जयनगर भागात मी राहते, तेथे जुने बंगले पाडून बहुमजली इमारती उभारण्याचे काम सतत चालू असते. त्या कामावर बीदर जिल्ह्याच्या भालकी-औराद भागातून आलेली, घरात मराठी बोलणारी काही कुटुंबे आहेत. एका रविवारी त्यांच्या वस्तीत आरोग्य शिबिर भरले. भाषांतर हाच माझा व्यवसाय असल्यामुळे दुभाषाचे काम माझ्याकडे आले. लहान मुले मांडीवर घेतलेल्या अकरा बायका समोर बसल्या होत्या. हातातील छापील प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न होता, 'प्रसूतिपश्चात औदासीन्याविषयी आपण कधी ऐकले आहे काय?' अकराही जणींनी मानेने नकार दिला. कागदावर अकरा फुल्या पडल्या. त्या हिशेबाने या स्त्रियांची जाणीव शून्य ठरली.

मग कागद बाजूला ठेवून मी साध्या बोलीत विचारले. बाळंतपणानंतर कारण नसताना रडू यायचे का? लेकराला जवळ घ्यावेसे वाटेना, असे कधी झाले का? जीव नकोसा झाला होता का? त्यानंतर तासभर मला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. एकीने सांगितले की, दुसरी मुलगी झाल्यावर घरात तिच्याशी कोणी धड बोलले नाही, आणि तीही महिनाभर कोणाशी बोलली नाही. दुसरी विसाव्या दिवशी पुन्हा घमेली उचलायला गेली होती. दूध कपड्यात पाझरत होते आणि बाळ पत्र्याच्या खोलीत सहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन होते. तिसरीला 'बाहेरचे' झाले असे ठरवून सासूने उतारा टाकला होता. रोगाचे नाव एकीलाही ठाऊक नव्हते. दुःख मात्र बहुतेकींच्या ओळखीचे होते.

भाषांतरकाराला येथे आपल्या व्यवसायाचीही लाज वाटते. 'डिप्रेशन' या शब्दासाठी औदासीन्य, खिन्नता, विषण्णता, नैराश्य असे चार भारदस्त शब्द आम्ही कोशात ठेवले आहेत. पैकी एकही चुलीपाशी बोलला जात नाही. तेथे 'मन लागत नाही', 'जीव उडाला', 'डोके ठिकाणावर नाही' असे म्हणतात. सारी कामे एकदम अंगावर येतात असे वाटते काय, असा एक प्रश्न मी त्या दिवशी इंग्रजीवरून शब्दशः केला. त्यावर एक बाई हसून म्हणाली की, विटा तर रोजच अंगावर असतात. चूक तिची नव्हती. प्रश्न विचारणाऱ्याला तिचे जग ठाऊक नव्हते.

दोन वेगळी मोजमापे

दुःख मोजणे वेगळे आणि दुःखाविषयीची माहिती मोजणे वेगळे. पहिल्या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे एडिंबरोच्या नावाने ओळखली जाणारी मोजपट्टी. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. तीत मागील सात दिवसांविषयी दहा प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि एकूण बेरीज जास्तीत जास्त ३०. थकव्यासारखी शारीरिक लक्षणे तीतून मुद्दाम वगळली आहेत, कारण थकवा प्रत्येक नव्या आईला असतोच. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारासंबंधीचा आहे. या दहा प्रश्नांनी रोगनिदान होत नाही. कोणाकडे अधिक लक्ष द्यावे, हे सांगणारी ती चाळणी आहे. पण ती चालवायला यंत्र लागत नाही, महागडी तपासणी लागत नाही. एक कागद, पेन्सिल आणि ऐकून घेणारे माणूस पुरते. म्हणूनच हे साधन गरिबांच्या उपयोगाचे आहे. कन्नड, तमिळ, कोकणी अशा आपल्या भाषांतही ते उतरले आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मोजमापाचा उगम ऑस्ट्रेलियातील संशोधक जॉर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या 'मानसिक आरोग्य-साक्षरते'च्या कल्पनेत आहे. लक्षणे ओळखता येतात काय, कारणे ठाऊक आहेत काय, मदत कोठे मिळते हे माहीत आहे काय, असे प्रश्न यात येतात. बाळंतपणानंतरच्या औदासीन्यासाठी या धर्तीवर एकतीस विधानांची प्रश्नावली २०२० साली इराणमध्ये तयार झाली. पुढे चिनी मातांच्या बाबतीतही हाच मार्ग अवलंबिला गेला. त्याच २०२० साली चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने औदासीन्य-प्रतिबंधाची एक कार्ययोजना जाहीर केली. तीत गर्भवती व बाळंतीण स्त्रियांना विशेष लक्ष द्यावयाच्या गटांत घातले गेले आणि प्रायोगिक क्षेत्रांत २०२२ पर्यंत औदासीन्यविषयक माहितीचे लोकांतील प्रमाण ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. बाळंतिणीचे मन हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, असे एवढ्या मोठ्या देशाने अधिकृतपणे मान्य करावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण ८० टक्के हा आकडा काय सांगत नाही, हेही पाहिले पाहिजे. चीनमध्ये बाळंतिणीने महिनाभर घरात राहून विश्रांती घेण्याची जुनी चाल आहे. आपल्या सव्वा महिन्याचीच ती बहीण. आज तेथील मोठ्या शहरांत या महिन्याचाही बाजार झाला आहे. ऐपत असलेली स्त्री भरमसाट पैसे मोजून खास निवासात राहते. ऐपत नसलेली सासूच्या किंवा आईच्या दयेवर राहते. कायद्याने २०१२ पासून प्रसूतीची रजा किमान ९८ दिवसांची आहे. परंतु खेड्यातून शहरात कामाला आलेल्या आणि शहराच्या नोंदवहीत हक्काचे स्थान नसलेल्या मजूर स्त्रीपर्यंत ती कितपत पोहोचते, हे जाणिवेच्या शेकडेवारीतून कळत नाही. भालकीहून बंगळूरला आलेल्या बाईची गोष्ट निराळी नाही.

गोव्यातील पुरावा

'हा श्रीमंत बायकांचा आजार आहे; राबणाऱ्या बाईला उदास व्हायला सवड कोठे?' असे आपल्याही वर्तुळांत म्हटले जाते. या समजुतीचा निकाल आपल्या शेजारी, गोव्यात, २००२ सालीच लागला आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या मातांचा अभ्यास करून तो त्या वर्षी प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये औदासीन्याचा विकार आढळला. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील ३८ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तेव्हा एकूण प्रमाण २२ टक्के निघाले.

गोव्याच्या अभ्यासात कोणत्या स्त्रिया अधिक बळी पडल्या? ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण होती, ज्यांचे नवऱ्याशी संबंध बिघडलेले होते, ज्यांना मारहाण होत होती, आणि मुलगा हवा असताना ज्यांना मुलगी झाली. म्हणजे दारिद्र्य आणि पुरुषी वर्चस्व. या यादीत 'माहितीचा अभाव' हे मुख्य कारण म्हणून येत नाही. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी दाखवून दिले की, अशा मातांची मुले सहा महिन्यांच्या वयात वजनाने मागे पडतात. आईचे दुःख तिच्यापाशीच थांबत नाही. ते तान्ह्या मुलाच्या हाडामांसात उतरते.

दोष अडाणी आईचा?

आईला अजाण ठरवून हात झटकण्याची रीत नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात स्त्री-कामगार तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत, म्हणजे कामाच्या वेळात मूल निजून राही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीत ही चाल सर्रास आढळली. त्या काळच्या सुखवस्तू समाजाने यातून आईचे अज्ञान तेवढे पाहिले. तिला उपदेश करणारे पुष्कळ निघाले; बारा तास ती मूल कोठे ठेवणार, हे विचारणारे थोडे.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात इंग्लंडमधील हीच स्थिती नोंदविली आहे. तेथील कामगार स्त्रियाही मुलांना अफूमिश्रित औषधे पाजीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाची टंचाई होऊन लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा एका सरकारी डॉक्टराला एक विलक्षण गोष्ट आढळली. उपासमार असूनही बेकार झालेल्या आयांना आता मुलांना अंगावर पाजायला वेळ मिळत होता. त्या आयांना मध्यंतरी कोणी शहाणपण शिकविले नव्हते. फक्त त्यांचा वेळ त्यांच्या हाती परत आला होता.

मुंबईतही बदल झाला तो उपदेशाने नव्हे. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये कायदेमंडळात बोलले होते. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने आणि मालकांनी उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मालकांनी मात्र हा भार टाळण्याची वाट शोधली, आणि पुढे गिरण्यांतून स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रे ही त्याची आणखी दोन कारणे होती. खर्च एकट्या मालकावर टाकला की तो बाईलाच कामावरून दूर करतो, हा धडा आज पुन्हा वाचला पाहिजे.

कागदावरचा हक्क

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. परंतु या लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम केलेले असावे लागते. कामगार राज्य विमा योजनेत असलेल्या स्त्रीला पगार विम्यातून मिळतो. तिच्याबाहेर राहिलेल्यांचा खर्च मालकावरच आहे. बांधकामावरील बाईने कल्याण मंडळाकडे जावे, तर नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला हवा; आणि मुकादम बदलला की दाखला देणाराच हरवतो. जयनगरच्या घरांतून धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मालक तर कायद्याच्या लेखी आस्थापनाच नाही.

राहता राहिला सरकारचा हात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृ वंदना योजनेने त्याचे ५,००० केले, आणि तेही पहिल्या अपत्यापुरते. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० देण्याची सुधारणा झाली. ज्या बाईला विसाव्या दिवशी घमेले उचलावे लागते, तिची मजुरी या रकमेतून किती दिवस भरून निघेल, याचा हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी नको. तिला 'तुम्ही उदास आहात, विश्रांती घ्या' असे सांगणारे भित्तिपत्रक म्हणजे जखमेवर मीठ आहे.

काय केल्याने फरक पडतो

मग जाणीव-जागृती निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक ठरेल. हा आजार आहे, हे पाप नव्हे, भूतबाधा नव्हे, आणि तो उपचाराने बरा होतो, एवढे कळणे हीसुद्धा शक्ती आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना भ्रम होतात, झोप उडते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी उतारे टाकण्यात गेलेला एकेक दिवस आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेततो. वर्गीय विश्लेषण हे औषधोपचाराला पर्याय नाही. व्यवस्था बदलली की सारे आपोआप मिटेल, असे सांगून आज रडणाऱ्या बाईला थांबवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

प्रश्न एवढाच आहे की, माहिती कोणाच्या हातून आणि कशासह पोहोचते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथे सरकारी सेवेतील, गावातच राहणाऱ्या आरोग्यसेविकांना शिकवून औदासीन्य असलेल्या गर्भवतींच्या घरी नियमित पाठविले गेले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या स्त्रियांपैकी २३ टक्के अजूनही औदासीन्यात होत्या. सेविकांना हे शिक्षण मिळाले नव्हते त्या भागात हेच प्रमाण ५३ टक्के होते. पुढे गोव्यात हेच काम शेजारच्या अनुभवी मातांकडे सोपविण्यात आले. तेथील परिणाम रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण वाट तीच होती. या प्रयोगांत आई परीक्षेला बसलेली नव्हती. तिच्या दाराशी एक माणूस पुन्हा पुन्हा येत होते.

आपल्याकडे ते माणूस आहेच. आशा कार्यकर्ती रुग्णालयातील बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी केलेल्या कामातून या घरभेटींची कल्पना पुढे आली. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, अंगावर पिते की नाही विचारते. त्याच भेटीत आईला ते दहा प्रश्न विचारणे अशक्य नाही. पण सरकार ज्या स्त्रीला कामगार मानायलाच तयार नाही, 'स्वयंसेविका' म्हणून मानधनावर राबवते, तिच्या खांद्यावर आणखी एक नोंदवही ठेवण्याआधी तिला वेतन आणि शिक्षण द्यावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये याच बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये हजारो आशा थंडीत रस्त्यावर झोपल्या, त्या निश्चित मासिक मोबदल्यासाठी. बाळंतिणींच्या मानसिक आरोग्याची लढाई तेथेही चालू होती, असे माझे म्हणणे आहे.

जयनगरपासून हाकेच्या अंतरावर, होसूर रस्त्यावर, राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था म्हणजे निम्हान्स आहे. तेथे २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग चालतो. देशातील या प्रकारच्या कामाचा तो अग्रदूत होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी तोडू नये, असे बंधनच घातले. ज्ञान आहे, कायदा आहे, संस्था आहे. पण तिच्या कुंपणापासून थोड्या अंतरावर विटा वाहणाऱ्या त्या अकरा जणींना ती चंद्राइतकी दूर आहे. एक दिवस दवाखान्यात म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, हेच ते अंतर.

आपलीही परीक्षा

शेवटी थोडे स्वतःविषयी. माझ्या बाळंतपणानंतर मी तीन महिने या आजारात काढले. मला शब्द ठाऊक होता. तो मी इंग्रजीतून मराठीत अनेकदा आणला होता. जाणिवेच्या कोणत्याही प्रश्नावलीत मला पूर्ण गुण मिळाले असते. तरीही मी कोणाजवळ बोलले नाही. घरी येणारे सहकारी बाळाचे नाव विचारीत, आणि अंकासाठी मजकूर पुन्हा केव्हापासून मिळेल हेही विचारीत. रात्री बाळाला तासभर कोण घेईल, हे कोणी विचारले नाही. त्यांच्यात वाईट कोणीच नव्हते. स्त्रीमुक्तीवर त्यांनी व्याख्याने दिली होती. अखेर एका शेजारीण बाईंनी माझ्याकडे पाहून ओळखले, बाळ उचलून घेतले आणि मला डॉक्टरांकडे धाडले. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या.

म्हणून मोजपट्टी फेकून देऊ नये, तिची दिशा फिरवावी, असे माझे मत आहे. प्रश्न बाईला नव्हे, तिच्या भोवतालच्यांना विचारावेत. मालकाला विचारावे, पाळणाघर कोठे आहे? ठेकेदाराला विचारावे, ८० दिवसांची नोंद कोणाच्या वहीत आहे? सरकारला विचारावे, कायद्याने कबूल केलेले ६,००० रुपये प्रत्येक मातेला का मिळत नाहीत, आणि असंघटित स्त्रीची प्रसूतीची मजुरी सार्वजनिक निधीतून का दिली जात नाही? तालुक्याच्या रुग्णालयात या आजाराचे औषध आणि ऐकून घेणारे माणूस आहे काय? नवऱ्याला विचारावे, काल रात्री बाळाला कोणी घेतले?

आणि आपल्या संघटनांनी स्वतःला विचारावे. आपल्या युनियनच्या मागणीपत्रात पाळणाघराचे कलम कितव्या क्रमांकावर असते, आणि वाटाघाटीत पहिल्यांदा कोणते कलम सोडले जाते? सभेची वेळ ठरविताना तान्ह्या मुलाच्या आईचा विचार कोणी करतो काय? बाळंतपणानंतर बैठकीला येईनाशी झालेली कार्यकर्ती 'संसारात रमली' असे आपण म्हणतो. तिच्या घरी जाऊन पाहिलेले कितीजण आहेत? हा प्रश्न महिला आघाडीकडे सोपवून पुरुष सभासदांना मोकळे होता येणार नाही.

त्या रविवारी शिबिर आटोपल्यावर मी प्रश्नावली परत केली. अकरा फुल्या तशाच होत्या; त्या पुसण्याचा अधिकार मला नव्हता. निघताना एका बाईने विचारले, पुन्हा कधी येणार? कोणत्या रविवारी, हे तिला नक्की सांगता आले पाहिजे. आपल्या जाणिवेची पहिली मोजणी त्या उत्तराने होईल.